वीज असेपर्यंत

माराकाइबोच्या तलावावर रात्रभर वीज असते.
दूर दक्षिणेला, आवाज न करता,
ढगाच्या पोटात कुणी सारखी काडी ओढावी तशी.
आमच्या गल्लीत मात्र पहाटे दोन ते सहा.
तेवढ्यात मला तीस ड्रॅगन मारायचे असतात.

हिरवे. फार अवघड नसतात.
डावीकडून जायचं,
तो श्वास ओढतो तेव्हा बाजूला सरकायचं,
मग सात वार.
आठवा लागला तर समजावं, माऊसची कळ गेली.
कातडं उचलायचं, हाडं उचलायची,
विकून सोनं करायचं.
दोन रात्रींच्या सोन्याला
मक्याच्या पिठाचा एक पुडा.

सोनं जातं ट्रॉनहाइमला,
हॅल्वर नावाच्या दातांच्या डॉक्टरकडे.
त्याला चिलखत हवंय, पण वेळ नाही.
माझ्याकडे वेळ आहे, पीठ नाही.
सरळ व्यवहार.
प्रत्येक वेळी शेवटी लिहितो, "मजा कर!"
भला माणूस आहे.

येंडर्सन, माझा भाऊ, वय नऊ,
उकाड्यानं झोप मोडली की शेजारी येऊन बसतो.
"युस्बेलिस, तू जिंकतेयस की हरतेयस?"
मी म्हणते, कामात आहे.

दरीत कधीकधी शिकारी येतात,
ड्रॅगनांचे नव्हे, आमचे.
चकाकत्या घोड्यांवरून.
फाटकं चामडं आणि स्वस्तातली तलवार
यांवरून ओळखतात आम्हाला लांबूनच.
मारतात, वर लिहितात,
तुम्ही लोकांनी खेळाची वाट लावली.
लावली असेल.
पण ज्या कंपनीनं वीस डॉलरला सोनेरी पंख काढले,
आत काय आहे ते न सांगता
पोरासोरांना बंद पेट्या विकल्या,
तिच्या दारात कुणाचा घोडा गेलेला ऐकला नाही.
त्यांच्या डावात आम्ही लिंबूटिंबू.
धावायचं सगळ्यांएवढंच,
फक्त मोजायचं नाही कुणी.

मंगळवारी खातं बंद झालं.
"हे खातं माणूस चालवत नसल्याचं आढळलं आहे.
इतकं एकसारखं माणूस खेळत नाही."

सात वार. सात वार. सात वार.
माझ्या कामाला आजवर
एवढी शाबासकी कुणी दिली नव्हती.

मी अर्ज केला. मी माणूस आहे.
पाठ धरते. उजव्या मनगटावर गाठ आलीय.
गेल्या महिन्यात आईचा लिमाहून फोन आला
तेव्हा चार मिनिटं हलले नव्हते मी,
ड्रॅगननं उभ्या उभ्या जाळलं मला.
तुमच्या नोंदीत असेल, बघा.

उत्तर अकरा सेकंदांत आलं.
अकरा सेकंदांत माणूस
"प्रिय" लिहावं की नाही, हेही ठरवत नाही.

हॅल्वरला कळवलं. त्याला वाईट वाटलं.
तीन दिवसांत दुसरं कुणी मिळालं त्याला,
तेही आमच्याच तलावाकाठचं.

आता नवं खातं. नवं गाव.
हातात लाकडी तलवार, अंगात गोणपाट.
पारावरचा म्हातारा सांगतो,
"वीरा, आधी बारा बेडूक मारून ये."
हे टाळता येत नाही. बटणच नाही तसलं.

एक मारला तेवढ्यात येंडर्सननं माऊस घेतला.
बेडूक उडी मारून ओढ्यात गेला,
हा त्याच्यामागे ओढ्यात.
मग पुलाखालून, मग लव्हाळ्यातून.
मी दोन वर्षं या खेळात राहिले,
इथे लव्हाळी आहेत हे मला माहीत नव्हतं.

"याला मारायचंच आहे का?"

पाच चाळीस झालेत.
दे इकडे, म्हणते मी,
आणि हात मांडीवरच राहतो.
खिडकीत तलावावरची वीज चालूच,
तिला कुणी मीटर लावलेला नाही.
वीस मिनिटं.
अकरा बेडूक.